मुलांचे हात, आपले हात

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे काम सुरू झाले तेव्हा संपादक मंडळाने विषय वाटून दिले. नाट्यशाखेचा इतिहास कुणाकडे गेला, गणेशोत्सवाचा कुणाकडे, वाचनालयाचा कुणाकडे. दिवाळीच्या सुटीत भरणाऱ्या मुलांच्या कलामेळाव्याचा वृत्तान्त मात्र आम्हां चौघांच्या वाट्याला आला. "तुम्ही इतकी वर्षे त्या सतरंजीवर बसलात, तेव्हा तिच्याविषयी तुम्हीच लिहा," असे अध्यक्षांनी सांगितले. ती सतरंजी अजून मंडळाच्या कोठीच्या खोलीत आहे. तिच्यावर खळीचे डाग आहेत, रंगांचे आहेत आणि एका कोपऱ्यात मेणबत्तीने जळाल्याची खूण आहे. नाटकांची छायाचित्रे भिंतीवर लागली, व्याख्यात्यांच्या सह्या अभिप्रायवहीत राहिल्या. या मेळाव्याचे मात्र कागदोपत्री फारसे काही उरलेले नाही. मुलांनी केलेल्या वस्तू मुलेच घरी घेऊन गेली, आणि ते योग्यच झाले. म्हणून जे आठवते ते, आणि जे वाचनातून व प्रत्यक्ष पाहण्यातून कळले ते, येथे एकत्र मांडीत आहोत.

भोपाळला आपली मराठी कुटुंबे आली ती मुख्यतः दोन वाटांनी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. तोवर जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरच्या सचिवालयातील अनेक कर्मचारी आपल्या बिऱ्हाडांसह इकडे आले. दुसरी वाट कारखान्याची. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, जिला आज आपण भेल म्हणून ओळखतो, आणि तिच्याबरोबर पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहती गजबजल्या. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर येथील मराठी घराणी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून आली होती. आपण आलो ते बदलीच्या हुकमाने आणि नेमणुकीच्या पत्राने. त्यामुळे आपल्यापाशी वाडे नव्हते, घराण्याची देवळे नव्हती. सरकारी क्वार्टर होते आणि पुढे हातभर अंगण होते. त्या अंगणात किल्ला झाला नाही, तर दिवाळी झाली असे मुलांना वाटत नसे.

किल्ल्याविषयी या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. दगडविटांची रास, तिच्यावर भिजविलेले गोणपाट, त्यावर मातीचा लेप, अळीव किंवा मोहरी पेरून चार-सहा दिवसांत उगवणारी हिरवळ, गुहा, विहीर, पायऱ्या आणि माथ्यावर सिंहासनावर बसलेले महाराज. या उद्योगाला शिक्षक नसतो, अभ्यासक्रम नसतो. थोरला धाकट्याला सांगतो, धाकटा ऐकत नाही, दोघे भांडतात आणि संध्याकाळपर्यंत बुरूज उभा राहतो. मुलांचा कलामहोत्सव म्हणून आज जे नावाजले जाते, त्याचा हा आपल्याकडील अगदी घरगुती नमुना होय. भोपाळात अडचण एवढीच होती, की रंगविलेले मातीचे मावळे येथील बाजारात मिळत नसत. कुणी नागपुराहून किंवा पुण्याहून येणार असेल, तर त्याच्याकडून ते करंडीत पेंढा घालून मागवावे लागत, आणि त्यांतील निम्मे वीर इटारसीपर्यंत येताना हातपाय गमावून बसत.

मंडळाचा पहिला मेळावा या अडचणीतून जन्मला. मावळे आणता येत नाहीत, तर मुलांकडूनच करवून घ्यावे असे ठरले. अंगणातलीच माती घमेल्यात कालविली, सतरंजी अंथरली आणि मुलांना बोलावले. तिसऱ्या दिवशी सारी फौज भेगाळून पडली. या मुलुखातील काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, हे कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडातून आलेल्या आम्हांस ठाऊक असावयास हवे होते. मग जवळच्या एका कुंभारदादांकडे गेलो. त्यांनी आपली मळलेली माती दिली, तीत चाळलेली राख आणि बारीक वाळू किती घालावी ते दाखविले, आणि पातळ हातापायांऐवजी जाड, बसके आकार करावयास सांगितले. दुसऱ्या वर्षीचे मावळे टिकले. त्यांतील एकाच्या डोक्यावर माळवी फेटा होता आणि एक सायकलवर बसलेला होता. सायकलवरचा मावळा आम्ही किल्ल्यावर ठेवू दिला, हे त्या काळातील आमचे एक शहाणपणाचे कृत्य म्हणावे लागेल.

पुढे किल्ल्यांची स्पर्धा सुरू झाली, आणि येथून आमच्या चुकीचा इतिहास सुरू होतो. स्पर्धेला चषक ठेवला. वसाहतीत अभियंते पुष्कळ. दोन-तीन वर्षांतच अंगणातल्या किल्ल्यांचे बुरूज प्लास्टर ऑफ पॅरिसचे झाले, तटावर विजेचे दिवे लागले, पंप बसवून धबधबे वाहू लागले. मंडळाला दहा-बारा वर्षे झाली असतील तेव्हाची गोष्ट. परीक्षकांत एक वृद्ध निवृत्त गृहस्थ होते. सर्वांत देखण्या किल्ल्याशेजारी उभ्या असलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला त्यांनी विचारले, "बाळ, यात तू काय काय केलंस?" मुलाने प्रामाणिकपणे उत्तर दिले, "आजोबा, मी पाणी आणलं." चषक त्याच किल्ल्याला मिळाला, कारण नियमांत तसे न करण्याविषयी काही लिहिलेले नव्हते. त्या किल्ल्याचे बुरूज आम्हां चौघांपैकीच एकाने साच्यात ओतले होते, हे आज कबूल करावयास हरकत नाही.

त्या उत्तराने आम्ही अस्वस्थ झालो. मुलांच्या हातून काही घडावे म्हणून आपण जमलो आणि मूल पाणक्या झाले. हे असे का होते आणि आपल्या आधी या वाटेने गेलेल्यांनी काय केले, हे शोधण्याची बुद्धी त्या निमित्ताने झाली. त्या वाचनातून जे हाती आले, त्याचा थोडा विस्तार येथे करतो. कारण आमच्या सतरंजीला त्यामुळेच खरी बैठक मिळाली.

आमच्या पिढीने शाळेत चित्रकला म्हणून जे केले, ते प्रायः नक्कल करणे होते. फळ्यावर मास्तर फुलदाणी काढीत, आम्ही ती वहीत उतरवीत असू. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ सालची. तेथून आणि तिच्यासारख्या संस्थांतून रेखांकनाची जी शिस्त शाळांपर्यंत झिरपली, तिने हाताला वळण लावले, डोळ्याला प्रमाण शिकविले. तिचे ते ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु मुलाला स्वतःचे असे काही सांगावयाचे असते आणि ते तो शब्दांआधी रेषेने व मातीने सांगतो, या विचाराला त्या शिस्तीत जागा नव्हती.

युरोपात ही जागा प्रथम करून दिली ती व्हिएन्नाच्या फ्रांझ चिझेक यांनी. तरुणपणी एका सुताराच्या घरी ते राहत असता, समोरच्या कुंपणावर मुले खडूने आपापल्या लहरीने चित्रे काढतात, हे पाहून त्यांचे कुतूहल जागे झाले असे सांगतात. १८९७ साली त्यांनी मुलांसाठी कलावर्ग उघडला आणि मोठ्यांच्या चित्रांची नक्कल त्यातून हद्दपार केली. गंमत अशी, की पुढे त्यांच्याच वर्गातील चित्रांवर आक्षेप आला की ती एकमेकांसारखी फार दिसतात. म्हणजे गुरूचा हात कुठेतरी फिरतोच आहे. चिझेकसारख्याला हा मोह सुटला नाही, तर आमची काय कथा, असे वाचताना वाटून थोडे समाधानही झाले.

आपल्या देशात या विचाराची पहिली मोठी प्रयोगशाळा १९२० साली भावनगरला गिजुभाई बधेका यांनी उघडलेल्या बालमंदिरात सुरू झाली, आणि तिच्याशी एका मराठी बाईंचे नाव कायमचे जोडले गेले आहे. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला गेल्या. घरापासून दूर, परभाषेच्या प्रदेशात त्यांनी गिजुभाईंच्या खांद्याला खांदा लावून काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे त्या परतल्या आणि १९४५ साली बोर्डीला व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी जे उभे केले, ते सर्वांस परिचित आहे. आमच्या दृष्टीने त्यातील मोलाची गोष्ट अशी : माँटेसरींची महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत, हे ओळखून त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे, काड्या यांची साधने केली. मूल शाळेत येत नसेल, तर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा आज देशभर रूढ झालेला शब्द त्या अंगणातून निघाला. आम्ही मात्र हातभर अंगण असताना त्यात प्लास्टरचे साचे ओतीत बसलो होतो.

नागपूरकडून आलेल्यांना आणखी जवळचे उदाहरण वर्ध्याचे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमची मांडणी झाली : हाताने करावयाचे उपयुक्त काम हाच शिक्षणाचा गाभा. या योजनेत सूतकताईला मान होता. चित्राला काय स्थान, असा प्रश्न साहजिकच होता. त्याचे उत्तर शांतिनिकेतनात शिकून आलेल्या देवीप्रसाद यांनी दिले. १९४४ ते १९६२ या काळात ते सेवाग्रामच्या शाळेत कलाशिक्षक होते. शेतात राबणाऱ्या, सूत कातणाऱ्या मुलांना त्यांनी रंग आणि माती दिली आणि ती काय करतात हे वर्षानुवर्षे बारकाईने पाहिले. ते स्वतः कुंभारकाम करणारे कलावंत होते. मुलांना आपल्यासारखे करावयास लावणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी ते केले नाही. 'आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९९८ साली काढले, तेव्हा त्याची प्रत मंडळाच्या वाचनालयात आम्ही आग्रहाने घ्यावयास लावली.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीत दोन गोष्टी घडल्या आणि त्यांच्यातील अंतर समजून घेण्यासारखे आहे. व्यंगचित्रकार शंकर यांनी आपल्या 'शंकर्स वीकली' साप्ताहिकातर्फे १९४९ साली मुलांची चित्रस्पर्धा सुरू केली. ती लवकरच आंतरराष्ट्रीय झाली आणि देशोदेशीची चित्रे दिल्लीत येऊ लागली. मुलाचे चित्र ही छापण्याजोगी, पाहण्याजोगी वस्तू आहे, हे या स्पर्धेने मध्यमवर्गीय आईबापांना पटवून दिले. हे काम लहान नव्हे. दुसरी गोष्ट १९५६ सालची. पंडित नेहरूंच्या पुढाकाराने दिल्लीत बालभवन स्थापन झाले. तेथे मुलाने यावे, माती, लाकूड, रंग, नृत्य, वाद्य यांपैकी हवे ते करावे, आणि घरी जावे. स्पर्धेत केलेली वस्तू महत्त्वाची, बालभवनात करण्याचा वेळ महत्त्वाचा. दोहोंना आपापली जागा आहे. आमची चूक ही, की आम्ही दुसऱ्याच्या नावाने पहिलेच करीत होतो.

मात्र जो दाखला आमच्या मनावर सर्वांत अधिक ठसला, तो जवळचाच, इंदूरचा आणि आपल्याच भाषेच्या माणसाचा. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली इंदुरात चित्रकलेची शाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, डी. जे. जोशी ही तिथल्या परंपरेतील नावे. त्याच परंपरेत विष्णू चिंचाळकर वाढले; १९१७ साली जन्मलेले, २००० साली निवर्तलेले, आणि साऱ्या माळव्याला 'गुरुजी' म्हणून ठाऊक असलेले. हुबेहूब चित्रणावर हुकमत असलेल्या या कलावंताने एका वळणावर ती वाट सोडली आणि वाळकी पाने, झाडाच्या साली, बिया, काड्या, चिंध्या, मोडक्यातोडक्या वस्तू यांतले आकार शोधण्यात उरलेले आयुष्य घालविले. साल उचलावी, थोडी फिरवावी, आणि तिच्यात दडलेला पक्षी समोरच्या मुलाला दिसावा. 'खुलते अक्षर, खिलते अंक' या त्यांच्या पुस्तकात अक्षरे आणि आकडे चित्रे होऊन खेळतात. त्यांची शिकवण थोडक्यात सांगावयाची तर अशी : मुलाच्या हाती काही घालण्यापेक्षा त्याची नजर मोकळी करावी. रुळलेल्या नजरेने पाहणारे आम्ही, आणि वस्तूचे नाव अजून पक्के न झालेले मूल. या खेळात मूलच पुढे असते.

याच सुमारास आमच्या परिसरात आणखी एक घडामोड होत होती. होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याचे नाव २०२२ पासून नर्मदापुरम झाले आहे, १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी सोळा माध्यमिक शाळांत करून शिकण्याचा विज्ञान-कार्यक्रम सुरू केला. १९८२ साली 'एकलव्य' ही संस्था निघाली आणि तिने तो पुढे नेला. शासनाने २००२ साली हा कार्यक्रम बंद केला, तरी त्याचे संस्कार मागे राहिले. पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन १९७८ साली येथे आलेल्या अरविंद गुप्ता यांना आठवडी बाजारातल्या स्वस्त वस्तूंतून खेळणी करण्याचा छंद याच मातीत लागला. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या एवढ्यावर त्यांनी भूमितीचे आकार उभे केले. एकलव्यचे 'चकमक' हे मुलांचे मासिक १९८५ साली भोपाळहून निघू लागले आणि त्यात मुलांची चित्रे त्यांच्या नावागावासह छापली जाऊ लागली. या मंडळींचे बालमेळे गावोगावी भरत. झाडाखाली एकेक कोपरा असे : इथे कागदाच्या घड्या, तिथे माती, पलीकडे मुखवटे, त्यापुढे बाहुल्या आणि भिंतीवरचे वर्तमानपत्र. मूल हवे तिथे बसे आणि हवे तेव्हा उठे.

असा एक मेळा आम्ही पाहावयास गेलो. आमच्या डोळ्यांत भरले ते तेथील मुलांचे काम नव्हे. तसे काम आमचीही मुले करीत होती. भरले ते मदतनिसांचे वागणे. एक तरुण मातीच्या कोपऱ्यात बसला होता. शेजारच्या मुलीचा हत्ती सोंडेच्या भाराने पुनःपुन्हा पुढे कलंडत होता. तो युक्ती जाणत असणारच. तो स्वतःच्या मातीचा गोळा वळीत राहिला. बऱ्याच वेळाने मुलीने सोंड पुढच्या पायाला चिकटविली, हत्ती उभा राहिला, आणि मग त्याने केवळ मान हलविली. परतीच्या बसमध्ये आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

पुढच्या कार्यकारिणीत आम्ही ठराव मांडला : किल्लेस्पर्धा आणि चषक बंद करावे, त्याऐवजी दोन दिवसांचा मोकळा मेळावा भरवावा. सभा वादळी झाली. बक्षीस नसेल तर मूल कशाला येईल, असा एक प्रश्न होता. परप्रांतात आपली मुले मागे पडतात, त्यांना चढाओढीची सवय हवी, असा दुसरा. ठराव एका मताने संमत झाला आणि दोन जुने कार्यकर्ते वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. त्या दिवाळीला पंधरा-वीसच मुले आली. आणलेली निम्मी माती तशीच राहिली. विरोधकांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते, असे आज आम्ही म्हणणार नाही. चषक असताना मूल हाती घेतलेले पुरे करीत असे. चषक गेला आणि सतरंजीवर अर्धवट राहिलेल्या वस्तूंचा खच पडू लागला. त्यावर उपाय सापडला तो असा, की मेळावा तीन दिवसांचा केला आणि अर्धवट वस्तू नाव लिहून फळीवर ठेवण्याची सोय केली. काल सोडलेले काम आज समोर दिसले, की बहुतेक मुले ते पुरे करतात. चौथ्या-पाचव्या वर्षापासून दालनात जागा पुरेनाशी झाली, आणि न बोलणाऱ्या दोघांपैकी एक गृहस्थ पुढे अनेक वर्षे खळ शिजविण्याचे काम आपणहून करीत.

काम करता करता जे नियम ठरले, ते कधी लिहून काढले नव्हते. नव्या मदतनिसांसाठी येथे नोंदवितो. मुलाच्या हातातील वस्तूला त्याने सांगितल्याविना हात लावू नये. "हे काय आहे?" असे विचारू नये, विचारावयाचेच तर "याचं सांग पाहू" एवढे म्हणावे, म्हणजे ज्याला सांगावयाचे आहे तो सांगतो. नमुना करून समोर ठेवू नये. ठेवला की वीस मुले वीस नमुने करतात. आधी कातरलेले आकार देऊ नयेत, कागद द्यावा आणि बोथट टोकाची कात्री द्यावी. कात्री आणि चाकू यांच्याजवळ एक मोठे माणूस सतत असावे. तिथे मात्र हात आवरण्याचा नियम लागू नाही. खळ मैद्याची, त्या दिवसापुरती करावी. पाच वर्षांखालील मुलांना मातीजवळ बसवावे, कागदाजवळ नव्हे. आणि आईवडिलांसाठी शेजारी वेगळी माती ठेवावी. ही शेवटची युक्ती फार उपयोगी ठरली. मोठ्यांचे हात शिवशिवतात, त्यांना त्यांचे काम दिले की मुले मोकळी होतात. एका वर्षी एका बाबांनी केलेला बैल पाहून त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचा पडतोय. थोडा बसका करा."

आपल्या मंडळाच्या दृष्टीने या मेळाव्याचा एक लाभ आम्हांला नंतर उमगला. येथे वाढणारी मुले घरीही हिंदीत उत्तरे देतात, ही तक्रार प्रत्येक वार्षिक सभेत होते. मराठी वर्ग काढले, ते दोनदा बंद पडले. सतरंजीवर मराठी शिकविण्याचा आमचा बेत नव्हता. परंतु हात चालत असताना शब्द कानांवर पडतच होते. माती तिंबणे, थापणे, वळणे, चिमटणे, सारवणे. कागद दुमडणे, मुडपणे, कातरणे, टाचणे. मणी ओवणे, फुले गुंफणे. क्रिया हाताने केली की तिचा शब्द बोटांत राहतो असे दिसले. ज्याला मराठी परिच्छेद वाचता येत नव्हता, तो मुलगा धाकट्याला "असं मुडप, मग दाब" असे सांगू लागला. हिंदी बोलण्यास आम्ही कधी मनाई केली नाही. शेजारची हिंदीभाषक मुलेही येत, आणि त्यांच्यामुळे सतरंजीची रुंदी वाढली.

त्यांतली एक आठवण सांगावयास हवी. माळव्यात पितृपक्षाच्या दिवसांत मुली संजा मांडतात. भिंतीवर शेणाने रोज नवी आकृती काढतात, तिला फुलांच्या पाकळ्या लावतात, संध्याकाळी गाणी म्हणतात, आणि पक्ष संपताना सर्वांत मोठी आकृती करतात ती किलाकोट, म्हणजे कोट असलेला किल्ला. मेळाव्यात एका वर्षी शेजारच्या माळवी घरातील एक मुलगी आली. आमची मुले दगड रचून किल्ला उभा करीत होती. तिने एक फळी मागितली, तिच्यावर मातीने चौकोनी तट काढला, आत चंद्र-सूर्य, शिडी आणि गाडी बसविली, आणि झेंडूच्या पाकळ्या दाबल्या. आमच्या मुलांनी तिला सांगितले, की किल्ला असा आडवा नसतो. ती म्हणाली, की आमचा असाच असतो. थोडा वेळ वाद झाला. मग तिची फळी उभ्या किल्ल्याच्या पायथ्याशी टेकविण्यात आली आणि एका मावळ्याला तिच्या शिडीवर पहाऱ्यास उभे केले गेले. आम्ही कुणीही त्यात एक शब्द बोललो नाही. पन्नास वर्षांत मंडळाने या गावाशी नाते जोडण्यासाठी पुष्कळ कार्यक्रम केले. त्यांतील कोणताही याहून सरस झाला असे आम्हांला वाटत नाही.

आज परिस्थिती बदलली आहे. तयार किल्ले विकत मिळतात, मावळे घरपोच येतात, आणि मुलांच्या हाती दूरध्वनीचा पडदा आहे. क्वार्टरांतील कित्येक कुटुंबे सदनिकांत गेली आणि हातभर अंगणही उरले नाही. आमच्या सतरंजीवर बसलेली मुले बंगळूर, पुणे आणि त्याहून दूर पांगली. परवाच्या दिवाळीत त्यांतील एक आपल्या लेकीला घेऊन आला. लेकीचा बुरूज कलला तसा त्याचा हात पुढे झाला. मग त्याने आमच्याकडे पाहिले, हसला आणि दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला. बुरूज पडला. मुलीने तो पुन्हा रचला, या वेळी थोडा बसका. याच गृहस्थांनी लहानपणी, परीक्षक आजोबांना, आपण फक्त पाणी आणल्याचे सांगितले होते.

असो. आम्हां चौघांची गुडघेदुखी आता सतरंजीवर बसू देत नाही. काम पुढे चालावयाचे तर नवे हात हवेत, आणि ते जागच्या जागी राहू शकणारे हवेत. दिवाळीच्या सुटीत ज्यांना दोन तास मोकळे असतील त्यांनी अवश्य यावे. येताना जुनी वर्तमानपत्रे, नारळाच्या शेंड्या, चिंध्या आणि रिकामे खोके आणावेत. माती कुंभारदादांच्या नातवाकडून येते. ती आदल्या दिवशी भिजवून ठेवलेली असेल.